सगळे फोटो वरून

मित्रांनो, माझ्या काचेत बुरशी शिरली आहे, त्यामुळे आता मला कोणी कॅमेऱ्याला लावत नाही. मी एक जुनी मॅक्रो लेन्स आहे. बारीकसारीक वस्तू मोठ्या करून दाखवायच्या, हे माझं काम. माणिकपूरच्या एका फोटोवाल्याकडे मी लग्नातल्या अंगठ्या टिपायचे. काय तो माझा रुबाब! पुढे त्याने दुकान बंद केलं आणि मी उमेळ्याच्या आग्नेस टीचरांकडे आले.

अंगठ्या सोडून माशा! मला आधी रागच आला. निवृत्त टीचरांच्या वाडीला लागून एक बावखल होतं, म्हणजे गोड्या पाण्याचं जुनं तळं. त्याच्या काठी अळूच्या पानांवर तांदळाच्या कणीएवढी हिरवी माशी बसायची. ऊन पडलं की अशी चमकायची म्हणून सांगू! टीचर फोटो काढत, पुस्तकं धुंडाळत, पण तिचं नाव काही सापडेना. हळूहळू मलाही तिचं वेड लागलं.

एक दिवस टीचरांचे धाकटे भाऊ ॲन्सेल्म आले. "बाय, बावखल बुजवायचं ठरलंय. पावसाआधी बिल्डिंगवाले भराव टाकणार."

"अरे, ती माशी इथेच असते. दुसरीकडे कुठे मी पाहिली नाही."

"नाव काय तिचं? काही खास असेल तर सांग, मी बोलतो त्यांच्याशी. पण नुसतं माशी माशी करून कोण थांबणार?"

टीचरांनी माशा ओळखणाऱ्या एका बाईंना चाळीस फोटो पाठवले. इतके सुबक फोटो मी जन्मात काढले नव्हते, त्यामुळे मी अगदी निर्धास्त होते. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. "फोटो सुरेख आहेत, पण सगळे वरून आहेत. ही माशी पायांवरच्या केसांवरून आणि पोटाच्या टोकावरून ओळखावी लागते. एखादा फोटो बाजूने काढाल का?"

टीचरांचे गुडघे गेलेले. त्या कधी खाली बसल्याच नव्हत्या, उभ्यानेच वाकून फोटो काढायच्या. आणि मी मूर्ख, नुसती चमक टिपत राहिले!

उत्तर आलं त्याच्या आदल्या दिवशीच डंपर सुरू झाले होते. टीचर मला घेऊन काठावर गेल्या, तेव्हा अळूचं एक पानही उरलं नव्हतं. त्या ॲन्सेल्मच्या खांद्याचा आधार घेत, कण्हत, लाल मातीत खाली बसल्या.

"बाय, ऊठ. ती नाही यायची आता."

"बसू दे रे मला. आज तरी बसू दे."

दुपारपर्यंत आम्ही तिथेच होतो. शेवटी एक साधी घरमाशी आली. टीचरांनी तिचाच बाजूने फोटो काढला. पायावरचा केस न् केस स्पष्ट आला. टीचर त्याच्याकडे बघत रडल्या.

तेव्हापासून मी कपाटात आहे, तिथेच ही बुरशी धरली. मित्रांनो, मला पुसू नका, उन्हात ठेवू नका, माझं काही व्हायचं नाही आता. एवढंच करा, जे आवडतं त्याच्याजवळ वेळेत बसा, गुडघे दुखले तरी बसा. आमची हिरवी माशी खास होती की साधीच होती, हे आता कोणालाच कळणार नाही.