उष्टे ब्लॉक

नागसेनची मूठ कुशलच्या तोंडावर बसली तेव्हा पहिला आवाज झाला तो दाताचा. कुशल मागच्या रॅकवर आदळला, रॅकवरचं निळं विमान खाली आलं आणि फरशीभर त्याचे तुकडे झाले. ओठातून रक्त हनुवटीवर उतरलं. कुशलनं तोंडात बोट घालून समोरच्या दाताचा अर्धा तुकडा तळहातावर काढला आणि बघतच राहिला, कारण आत्ता आत्तापर्यंत तो हसत होता.

"माझ्या पट्ट्या कुठी आहेत?" नागसेन म्हणाला.

आता कोणी म्हणेल, चाळिशी ओलांडलेले दोन बाप्ये, एकाला टक्कल, दुसऱ्याला शुगर, आणि रक्त काढतात कशावरून, तर पोरांच्या खेळण्यातल्या ब्लॉकवरून. म्हणा बापडे. ज्याची दुखते त्याला ठाऊक.

नागसेन प्रताप नगरचा. एका बिल्डरकडे नकाशे काढायचा. कुशलचं जरीपटक्यात पडद्यांचं दुकान. त्याचे आजोबा गुलाबचंद हातमागावर लुगडी विणत, नातू मशीनचे पडदे विकत होता. दुकानाच्या वर घर, आणि घराची मागची खोली सगळी ब्लॉकची. दर रविवारी नागसेन स्कूटर काढून तिथे जायचा आणि दर रविवारी दोघे एकाच गोष्टीवर भांडायचे: जुने सेट की नवे.

नागसेनचं म्हणणं, ब्लॉक म्हणजे वर आठ गोल डोकी असलेला, लाल नाहीतर पांढरा. सकाळी त्याचं घर करा, दुपारी ट्रक करा, संध्याकाळी त्याच ट्रकचं जहाज. हे नवे सेट कसले? पुड्यांवर आकडे टाकून येतात. एक नंबरची पुडी फोडा, पुस्तकात पाहा, लावा. दोन नंबरची फोडा, लावा. शेवटी एक गाडी होते, ती काचेच्या कपाटात जाऊन बसते, आणि तिच्यातले निम्मे तुकडे असे की दुसरीकडे कुठे लागणारच नाहीत. "हे काय खेळणं आहे?" तो म्हणायचा. "हे तं फर्निचर जोडणं झालं."

"अन् तुझं जुनं घर कोणतं मोठं घर आहे गा?" कुशल म्हणायचा. "दार उघडलं की आत काहीच नाई. ना जिना, ना खोली. खोकं आहे ते. मी नव्या ब्लॉकनं घुमट करतो, झाडाची फांदी वाकवतो. तुझा ब्लॉक वाकवून दाखव मले."

दोघांचंही खरं होतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं. पण एका गोष्टीत कुशलनं नागसेनचं ऐकलं होतं. नागसेनचा कायदा होता, की ब्लॉक कधी फेकायचा नाही. रंग उडालेला असो, कोपरा तुटलेला असो, तो मोठ्या कामाच्या पोटात भरायचा, जिथे कोणाला दिसत नाही. भिंत आतून भरीव होते आणि बाहेर चांगला माल शोभतो. कुशल आधी हसला होता, मग तोही तसंच करू लागला.

फक्त चावलेले ब्लॉक त्याला चालत नसत. एकदा कोणीतरी जुन्या ब्लॉकची पिशवी आणली होती. त्यातल्या कित्येकांवर पोरांचे दात उमटलेले. कुशलनं ती चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकली. "उष्टे ब्लॉक कोण ठेवते गा?" असं तो सहज बोलून गेला. नागसेन त्या दिवशी चहा अर्धा टाकून घरी आला. उष्टं हा शब्द त्याच्या घराण्यानं किती पिढ्या कोणाच्या तोंडून कसा ऐकला, हे कुशलच्या गावीही नव्हतं. छप्पनच्या दीक्षेनंतर नागसेनच्या आजोबांनी घरात तो शब्दच बंद केला होता. भाऊ भावाच्या ताटातलं खायचा, पण त्याला कोणी उष्टं म्हणायचं नाही.

आणि नागसेनच्या घरी जो पत्र्याचा बिस्किटाचा डबा होता, त्यातल्या पातळ लाल पट्ट्या सगळ्या चावलेल्या होत्या.

त्याचे वडील दादाजी रेल्वेतल्या एका साहेबाची गाडी चालवत. साहेबांची बदली झाली, मेमसाहेबांनी सामान आवरताना तो डबा दादाजींच्या हातात दिला. नागसेन आणि त्याचा मोठा भाऊ अश्विन, दोघांचं बालपण त्या एका डब्यात गेलं. पातळ पट्ट्या एकमेकींना अशा चिकटत की नखानं निघायच्या नाहीत. हल्ली पट्ट्या सुट्या करायला सेटमध्येच एक छोटी काढणी येते. तेव्हा कुठली आली? अश्विन त्या दातांनी काढायचा. त्याचा समोरचा एक दात अर्धा होता, म्हणून प्रत्येक पट्टीच्या कडेला एक पूर्ण खाच आणि तिच्या शेजारी एक अर्धी खाच उमटायची. तो दात तोडला होता नागसेननंच. चाकांवरून भांडण झालं आणि त्यानं डब्याचं झाकण भावाच्या तोंडावर हाणलं. अश्विननं आईला, भीमाबाईला, सांगितलं की नळाच्या ओट्यावर पडलो. नागसेनला मार पडू नये म्हणून.

कॉलेजात असताना अश्विन वर्धा रोडवर ट्रकखाली गेला. त्याचे कपडे आईनं वाटून टाकले. फोटो होते दोन-तीन, त्यातही तो तोंड मिटून उभा. राहिले ते दात, लाल पट्ट्यांवरचे. नागसेन कधीमधी डबा उघडायचा आणि त्या खाचांवरून अंगठा फिरवायचा. हे त्यानं कुशलला कधी सांगितलं नाही. सांगितली होती ती फक्त पाण्याची टाकी. वस्तीत गोल खांबावरची, बारीक शिडीची उंच टाकी होती, दोघा भावांना ती बनवायची होती, पण ब्लॉक पुरले नाहीत आणि चौकोनी ब्लॉकची गोल टाकी जमली नाही.

एका हॉलमध्ये ब्लॉकच्या कामांचं प्रदर्शन ठरलं तेव्हा कुशल म्हणाला, "तुझा डबा दे माह्याजवळ. पांढरे ब्लॉक पिवळे पडलेत, उन्हात औषध लावून पांढरे करून देतो." नागसेननं दिला. देताना एवढं म्हणायला हवं होतं की पट्ट्यांना हात लावू नको. नाही म्हणाला. कोणत्या तोंडानं म्हणणार, त्या शब्दानंतर?

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तो डबा घ्यायला गेला. कुशलची बायको काजल खाली दुकानात गिऱ्हाईक बघत होती. नागसेननं जिन्यात चपला काढल्या आणि तो मागच्या खोलीत आला. टेबलावर डब्यातलं जुनं घर लावलेलं होतं, दुधासारखं पांढरं. छपराच्या पट्ट्या लाल, कोऱ्या, कडा धारदार. एकीवरही खाच नव्हती.

"परदेशातून एक एक करून मागवल्या," कुशल खुशीत म्हणाला. "आता सेट पुरा झाला तुझा."

"जुन्या कुठी आहेत?"

कुशल हसला. "आत्ता नाई सांगत. उद्या हॉलमध्ये सांगीन."

नागसेनला कचऱ्याचा डबा आठवला, चिमटीत धरलेली पिशवी आठवली. त्याचं डोकं फिरलं. मूठ कधी उठली ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

तर तिथे आपण होतो. कुशल दात हातात घेऊन उभा होता. "पागल झाला काय बे?" तो कसाबसा म्हणाला.

"फेकल्या ना? उष्ट्या होत्या म्हणून फेकल्या ना?" आजोबांनी बंद केलेला शब्द त्याच्या तोंडून आला आणि त्यासरशी तो जास्तच पेटला. त्यानं कुशलची कॉलर धरली, भिंतीवर आपटला, पुन्हा आपटला. कुशल काही मऊ माणूस नव्हता. पडद्यांचे गठ्ठे उचलून त्याचे दंड भरले होते. त्यानं गुडघा नागसेनच्या पोटात घातला, आणि तो वाकल्यावर लाकडी स्टूल उचलून त्याच्या कपाळावर हाणलं. भुवई फाटली. नागसेनच्या एका डोळ्यात रक्त आलं आणि त्या डोळ्याचं दिसणं बंद झालं.

मग दोघेही खाली पडले. अनवाणी पाय, गुडघे, कोपरं, सगळं त्या विमानाच्या तुकड्यांवर. ज्यांनी अंधारात एका ब्लॉकवर पाय दिला असेल त्यांनीच विचार करावा. पण दोघांपैकी एकही ओरडला नाही. कुशल नागसेनचा गळा दाबत होता, नागसेन हाताला येईल ते त्याच्या बरगडीत मारत होता. राग असा की नागसेनला त्या घडीला खरंच वाटत होतं, हा मेला तरी चालेल.

तो सुटला आणि त्यानं रॅककडे मोर्चा वळवला. किल्ला ओढला, फरशीवर आपटला. रेसची गाडी भिंतीवर फेकली. नव्या ब्लॉकच्या झाडांचा, ज्यांच्या फांद्या वाकत होत्या, त्यांचा त्यानं पायाखाली चुरा केला, तळव्यातून रक्त येत असतानाही. "माझं मोडलं ना तू? माझं मोडलं ना?"

"त्याले नको हात लावू," कुशल अचानक म्हणाला. आवाज मारामारीचा नव्हता, विनवणीचा होता. "ते सोड, नागसेन. बाकी सगळं मोड."

सगळ्यात वर, जुन्या पडद्याखाली काहीतरी उंच झाकलेलं होतं. नको म्हटल्यावर नागसेन थांबणार होता थोडाच. त्यानं दोन्ही हातांनी अख्खा रॅकच ओढला. रॅक कोसळला, पडदा सुटला आणि ते फरशीवर फुटलं.

ती पाण्याची टाकी होती. गोल, पांढरी, नव्या वाकणाऱ्या ब्लॉकची, गोल खांबावरची. खांबाला वर जाणारी बारीक शिडी होती, तशीच्या तशी, जशी वस्तीत होती. खांब मधोमध फुटला होता आणि त्याच्या पोटातून लाल पट्ट्या बाहेर सांडल्या होत्या. चिकटलेल्या, एकावर एक नीट भरलेल्या. नागसेननं एक उचलली. एक पूर्ण खाच, एक अर्धी खाच.



"तूच सांगतलं होतं," कुशल रक्त थुंकून म्हणाला. "ब्लॉक फेकाचा नाई. पोटात भराचा."

नागसेन खाली बसला, तिथेच, तुकड्यांवर. आपला कायदा आपणच विसरलो, एवढं साधं होतं ते. त्याला लाज वाटली, इतकी की कुशलकडे बघवेना. त्यानं अश्विनचं सगळं सांगितलं, दात, ट्रक, सगळं. झाकणाचं मात्र सांगवलं नाही.

गोंधळ ऐकून काजल वर आली आणि दारातच थबकली. नवऱ्याच्या शर्टावर रक्त, पाहुण्याच्या कपाळावर रक्त, आणि वर्षानुवर्षं जोडलेलं सगळं फरशीवर.

"काही नाई वं," कुशल म्हणाला. "रॅक पडला अंगावर."

नागसेननं वर पाहिलं. असंच एकदा कोणीतरी त्याच्यासाठी खोटं बोललं होतं.

काजलनं आडवा पडलेला रॅक पाहिला. मग नागसेनच्या मुठीकडे पाहिलं, बोटांची सालं निघाली होती. "रॅक तुमच्या मुठीवरही पडला काय, भाऊजी?" ती म्हणाली आणि हळद आणायला आत गेली.

प्रदर्शनात दोघेही गेले नाहीत. दाताच्या डॉक्टरांनी कुशलला सांगितलं, मूळ शाबूत आहे, टोपी बसवू, पण आधी सूज जाऊ द्या. सूज गेल्यावरच्या रविवारी, टोपी बसायच्या आधी, नागसेन जिना चढला. भुवईला टाके, हातात काही नाही. कुशलनं दार उघडलं, त्याला आत घेतलं, आणि दोघे खाली चटईवर बसून ढीग वेगळा करू लागले. पांढरे इकडे, राखाडी तिकडे. टाकी पुन्हा उभी करायची होती.

ढिगातून हात न काढता नागसेन म्हणाला, "त्याचा दात मीच तोडला होता. अश्विनचा."

कुशलनं मान हलवली. "मले वाटलंच," तो म्हणाला.

खांबाच्या पोटातल्या दोन लाल पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. नागसेननं नख लावून पाहिलं, निघेनात. काढणी त्या ढिगात कुठे गेली होती देव जाणे. कुशलनं इकडेतिकडे शोधली, मग हात पुढे केला. "आण इकडे." आणि पट्ट्या तोंडाशी नेल्या.

"अरे, त्या उष्ट्या..." नागसेनच्या तोंडून अर्धंच निघालं.

"मालूम आहे," कुशल म्हणाला. त्यानं डोळे बारीक केले, दुखत असणार, आणि समोरचे दात रोवले. कट्ट करून पट्ट्या सुटल्या. त्यानं त्या पँटला पुसून नागसेनला दिल्या.

नागसेननं वरची पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. कडेला एक पूर्ण खाच आणि एक अर्धी खाच होती. तिच्या बाजूला आणखी एक पूर्ण आणि एक अर्धी. त्यानं पट्टी फिरवून पाहिली, अंगठा फिरवून पाहिला. इतकी वर्षं जे त्याला डोळे मिटूनही ओळखू यायचं ते आता उघड्या डोळ्यांनी कळेना. अश्विनचे दात कोणते आणि कुशलचे कोणते, ते त्याला सांगता येईना. दोन्ही त्यानंच तोडले होते.

"दे," कुशल म्हणाला. "पोटात लावून टाकतो."

"नाई," नागसेन म्हणाला. "ही बाहेर लावू."