आठवा मजला काढायचा राहिला

मी काळा तेलखडू बोलतोय. ज्या दिवशी बोलायला हवं होतं, त्या दिवशी मी जेवणाच्या टेबलाखाली पडून सगळं ऐकत होतो. पण खडूची साक्ष कोण काढतो? आता मी अंगठ्याच्या नखाएवढा उरलोय. उरलोय तेवढ्यात सांगून टाकतो.

माझा जन्म कारखान्यातला. मेण, तेल आणि काजळी एकत्र कढवून साच्यात ओतली, अंगावर कागदाचा सदरा चढवला आणि बारा जणांच्या पेटीत शेवटी बसवलं. पेटीतही मानाचे आणि बिनमानाचे असतात बरं का. लाल, पिवळा, निळा म्हणजे घरचे जावई. त्यांच्यासाठी मुलं एकमेकांच्या झिंज्या उपटतात. आम्ही दोघं कोपऱ्यातले, पांढरा आणि मी. पांढऱ्याला तर कागदावर कुणी ओळखतही नाही. मला निदान केस आणि गाडीची चाकं एवढी कामं होती. आठवड्यातून एकदा बोलावणं यायचं, चार चाकं काढून झाली की परत कोपऱ्यात.

आम्ही ज्या घरात आलो ते एका जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर होतं. आई-बाबा दोघंही नोकरीला. सकाळी एक पाय चपलेत आणि एक हात फोनवर अशी त्यांची निघायची तऱ्हा. मुलगी साडेचार वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मावशी तिला भिंगरी म्हणायची. सकाळचे दोन तास बालवाडी आणि उरलेला सगळा दिवस मावशीजवळ.

मावशी म्हणजे तिला सांभाळायला येणारी बाई. आधी ती वीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात होती. कापडाच्या ताग्यावर खडूनं मापं आखायची. कारखाना बंद पडला आणि ती मुलं सांभाळायला लागली. अक्षरओळख बेताची, पण रेघ अशी मारायची की पट्टीनं लाजावं. हात न उचलता बाही, गळा, खिसा. तिनं मला पहिल्यांदा बोटांत धरलं तेव्हाच मला कळलं, हा हात खडू ओळखतो.

पण ती वेळ यायला आधी एक भानगड व्हावी लागली. भिंगरीनं एका संध्याकाळी नव्या कोऱ्या सोफ्यावर लाल खडूनं होडी काढली. आई दमून घरी आली, होडी बघितली आणि तिचा पारा चढला. "शिस्त लागेपर्यंत रंग बंद!" असं म्हणत तिनं एकेक खडू गोळा केला, डब्यात भरला आणि डबा कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिला. अकराच भरले. मी सोफ्याखाली घरंगळलो होतो. काळा नाही हे तिच्या लक्षातही आलं नाही, आणि त्याचं मला नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी केर काढताना मी मावशीला सापडलो.

"एकच? आणि तोही काळा?" भिंगरीनं नाक मुरडलं. "मला नको."

"अगं, हा नुसता वरून काळा. ह्याच्या पोटात सगळे आहेत. बोल, कुठला हवा?"

"पिवळा."

मावशीनं एका दमात गोल काढला, त्याला किरणं काढली. "आता डोळे बारीक करून बघ. आला का पिवळा?"

भिंगरीनं डोळे इतके बारीक केले की मिटलेच. मग ती ओरडली, "आला! मावशी, आला!"

जन्मात पहिल्यांदा मला कुणी पिवळा म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. त्या दिवसापासून मी त्या घरात हिरवं गवत झालो, लाल फुगे झालो, गुलाबी हत्ती झालो. झिजत होतो, पण सुखानं झिजत होतो.

मावशीनं आईला सांगितलं नाही असं नाही. संध्याकाळी निघताना म्हणाली, "ताई, तेवढे रंग काढून देता का? कागदावरच काढते पोर. मी असते ना लक्ष ठेवायला."

"रविवारी देते हं मावशी. आठवण करा."

रविवारी मावशीला सुट्टी. मग आठवण कोण करणार? स्टुलावर चढलं तर डबा तिच्या हाताला लागत होता. पण दुसऱ्याच्या घरातला बंद डबा विचारल्याशिवाय उघडायचा नाही, हा तिचा नेम. त्याच नेमानं तिला बुडवलं असं मला अजून वाटतं.

आता लिफ्टचं सांगतो. त्या इमारतीची लिफ्ट जुनी, उभ्या गजांचं सरकतं दार असलेली. आत स्टुलावर लिफ्टमनकाका बसायचे आणि "कोणता मजला?" असं खर्जात विचारायचे. भिंगरीला मोठेपणी तेच व्हायचं होतं. मावशी म्हणाली, मोठेपण कशाला, आत्ताच हो. तिनं आईच्या ऑफिसचे पाठकोरे कागद चिकटवून एक लांब पडदा केला, त्यावर माझ्याकडून वरपासून खालपर्यंत गज काढून घेतले आणि तो कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टांगला. मागे खुर्ची, खुर्चीवर भिंगरी. झाली लिफ्ट तयार.

"कोणता मजलाऽऽ?" भिंगरी घसा फाडून ओरडायची.

"सहावा, साहेब. दार लावू का?"

"लाव! नीट लाव!"

पहिल्या मजल्यावर समुद्र होता. तिसऱ्यावर वाघांची शाळा. सहाव्यावर कायम पाऊस, म्हणून मावशी हातात छत्री घेऊनच लिफ्टजवळ उभी राहायची. मजला आला की दोघी जमिनीवर पालथ्या पडून तिथलं चित्र काढायच्या. असे सात मजले झाले. आठव्यावर भिंगरीला आईचं ऑफिस काढायचं होतं.

"तिथं काय काय असतं गं मावशी?"

"मी कुठं पाहिलंय बाई? तुझ्या आईलाच विचार."

भिंगरीनं विचारलं. आई फोनवर होती. तिनं बोटानंच सांगितलं, थांब. म्हणून आठवा मजला थांबून राहिला.

आता त्या चित्राकडे येतो. भिंगरीनं एका दुपारी आपल्या खेळाचंच चित्र काढलं. उभे गज, गजांमागे ती स्वतः, ओरडायला उघडलेलं हे एवढं तोंड. बाहेर मावशी, हातात मिटलेली छत्री. भिंगरीच्या हाताला छत्रीची मूठ जमली नाही, त्यामुळे ती निव्वळ काठी दिसत होती. सगळं अर्थात माझ्यात काढलेलं. काढून झाल्यावर ती स्वतःशीच सांगत होती, "हा माझा फ्रॉक लाल. मावशीची साडी निळी." दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत तिनं ते बालवाडीत नेलं.

तिथल्या बाई नुकत्याच मुलांच्या मनावरचं दोन दिवसांचं शिबिर करून आल्या होत्या. त्यांनी चित्र पाहिलं आणि आईला बोलावून घेतलं. शितावरून भाताची परीक्षा करतात हे मला माहीत आहे, पण इथं शीत कुठल्या भांड्यातलं हेही कुणी पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी मावशी गेल्यावर आईनं चित्र टेबलावर पसरलं. मी टेबलाखाली होतो.

"बाई म्हणाल्या, मूल इतका काळा रंग वापरतं म्हणजे मनात भीती असते. आणि हे बघ. गज! हातात काठी!" आई एकेका रेघेवर बोट ठेवत म्हणाली.

"आधी तिला विचार तरी," बाबा म्हणाले.

भिंगरीला मांडीवर घेऊन आईनं विचारलं. अगदी गोड आवाजात विचारलं.

"मावशी तुला आत बंद करते, राणी?"

"हो! रोज."

"दार लावते?"

"मी सांगते ना तिला, नीट लाव म्हणून."

पण आईच्या कानात 'हो' शिरलं होतं, पुढचं आत जायला जागाच नव्हती. "मग तू ओरडतेस?"

"खूऽऽप ओरडते!" भिंगरी खूश होऊन म्हणाली.

आईनं तिला घट्ट आवळून धरलं आणि ती रडायला लागली. ते रडणं खोटं नव्हतं, एवढं मी तिच्या बाजूनं सांगेन. पण कपाटाच्या माथ्यावर, तिच्या डोक्यापासून दोन-तीन हातांवर, अकरा रंग डब्यात बसले होते. तिनं एकदा मान वर केली असती तरी पुरे होतं. त्या डब्याची आठवण तिला त्या दिवशीही झाली नाही.

सकाळी मावशी आली तर दोघंही कामावर न जाता घरात बसलेले. लिफ्टचा पडदा रात्रीतच फाडून टाकला होता.

"मावशी, तुम्ही तिला कोंडून ठेवता?" आईनं थेट विचारलं.

"कोंडून?" मावशीला आधी कळेचना. "अहो ताई, लिफ्ट आहे ती! आमचा खेळ आहे. ही लिफ्टमन, मी आपली चढणारी."

"आणि ही काठी?"

"छत्री हो ती. सहाव्या मजल्यावर पाऊस असतो ना."

बाबांनी आईकडे बघितलं. मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलं की ते किती खुळ्यासारखं वाटतं, हे मावशीच्याही लक्षात आलं. "पोरीलाच विचारा ना," ती म्हणाली.

"तिलाच विचारलंय," आई म्हणाली.

"जाऊ दे, वाद नको," असं म्हणून बाबांनी दार उघडलं. भिंगरी पायांतून वाट काढत धावत आली. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. तिनं मला मावशीच्या पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "लिफ्ट फाटली. तू घरून नवीन करून आण. आठवा मजला उद्या."

मावशीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आणते हं," म्हणाली. वीस वर्षांत एक रेघ वाकडी न मारलेली ती बाई जिना उतरताना कठड्याला धरून उतरली. लिफ्टमनकाका "चला की" म्हणाले, तरी ती लिफ्टमध्ये चढली नाही.

पुढं पराचा कावळा व्हायला कितीसा वेळ लागतो? "सिद्ध काही झालं नाही म्हणा, पण आपल्याला कशाला जोखीम?" असं एका घरानं म्हटलं, मग चौघांनी. त्या भागात तिला पुन्हा काम मिळालं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं तर चोर कधी नव्हताच. आणि फाशीचा दोर माझ्याच रेघांचा. भिंगरीला चोवीस रंगांची नवी पेटी आणली, असं लिफ्टमनकाकांनी रस्त्यात भेटल्यावर मावशीला सांगितलं. बालवाडीच्या बाईंच्या सल्ल्यावरून त्यातला काळा तेवढा काढून टाकलाय. आता ती घर, झाड, सूर्य काढते, आणि सगळे म्हणतात, बघा, पोर कशी सुधारली.

तुम्हाला एकच विनवणी करतो. मुलाच्या चित्रात काळं दिसलं तर त्याच्या मनात डोकवायच्या आधी त्याची रंगपेटी उघडून बघा. आणि ते 'हो' म्हणालं, तर त्याच्या पुढचं वाक्यही ऐकून घ्या.

सात-आठ महिन्यांनी मावशीला लांबच्या वस्तीत काम मिळालं. तीन वर्षांचा मुलगा. पहिल्याच दिवशी त्याच्या आईनं छताच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "कॅमेरा आहे हं मावशी. राग मानू नका, सगळीकडेच असतो हल्ली." आई गेली आणि पोरानं भोकाड पसरलं. खुळखुळा झाला, गाणं झालं, तो काही थांबेना. मग मावशीनं पिशवीत हात घातला. मी तिच्या बोटांना लागलो. किती दिवसांनी! तिनं पाठकोरा कागद काढला, माझं टोक टेकवलं आणि वरून खाली एक सरळ रेघ ओढली. पोराचं रडणं थांबलं. ते सरकत सरकत जवळ आलं.

"हे काय?" त्यानं विचारलं.

मावशीनं रेघेकडे बघितलं, मग वर कोपऱ्याकडे बघितलं. कागदाची बारीक घडी करून तिनं ती माझ्यासकट पिशवीत टाकली.

"काही नाही रे बाळा," ती म्हणाली, आणि उठून तिनं टीव्ही लावला.