गप्प झालेलं लोणी

सुभद्रानं पदराच्या टोकांनी टोप धरला आणि चुलीवरून खाली उतरवला. लोणी गप्प झालं होतं. लोणी कढवताना बघत बसायचं नाही, ऐकायचं. तडतड थांबली की तूप झालं, असं सासूनं तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी बजावलं होतं. चाळीस वर्षांत आपलं तूप एकदाही कच्चं राहिलं नाही, हे ती अख्ख्या वाडीला ऐकवायची.

पडवीतून सत्यवान आत आला. मुंबईहून चार दिवसांसाठी आलेला हा तिचा एकुलता एक मुलगा उद्या वेंगुर्ल्याहून बोटीनं परत निघणार होता.

"आये, शेवटचा इचारतंय," तो समोर उभा राहून म्हणाला. "तिकिटां एक काढू काय दोन?"

"एक. डोळे आसत, कान आसत, हात चलतत. खोलीत कोंडून घेवक कित्याक येव मी?"

नवरा गेल्यापासून सहा वर्षं ती एकटी होती. एकटेपणानं आतून पार खंगली होती, पण घर सोडायचा विषय निघाला की ती तो उडवून लावायची. अलीकडे घर फारच शांत वाटे. एकट्या बाईचं घर असंच असायचं, अशी तिनं मनाची समजूत घालून टाकली होती.

ती बरणी पुसायला वळली. परत बघते तो टोप पुन्हा चुलीवर, आणि सत्यवान फुंकणीनं जाळ करतोय.

"जळात रे ता! झाला तूप!"

"खंय झाला? अजून तडतडता आसा. आयकूक येणा नाय तुका?"

सुभद्रा वाकली. टोपात बुडबुडे उसळत होते, पांढरा फेस कडेनं चढत होता. तिनं कान आणखी जवळ नेला. वाफेनं गाल भाजला. लोणी जीव तोडून कढत होतं आणि आवाज कसलाच नव्हता.

सत्यवान तिच्याकडे बघतच राहिला. मग फुंकणी बाजूला ठेवून तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"तूच सांग मगे," ती म्हणाली. "गप झाला की."

फेस हळूहळू विरला. तूप नितळलं, तळाशी बेरी तांबूस दिसू लागली. सत्यवानचे ओठ जरासे हलले. तो 'झाला' म्हणाला की 'चल', ते काही तिला कळलं नाही.

"होय," ती म्हणाली.