आधी भिजवून बघितलेलं सिम

पेरणीच्या आधी कोंडाजी मूठभर भात ओल्या फडक्यात बांधून ठेवतात. मोड आले, तरच बाकीचं बियाणं शेतात जातं. बोर्ली पंचतनजवळच्या आमच्या गावात असं बरेच जण करतात, पण कोंडाजी नवी छत्रीसुद्धा आधी विहिरीवर नेऊन भिजवून बघतात.

बहारीनचं सिम आलं तेव्हाही त्यांनी तेच केलं.

त्यांची लेक कल्पिता तिकडे बाळंतपणासाठी इस्पितळात होती. कोंडाजींची बायको गोदूबाई तिच्याकडे एकट्याच निघाल्या होत्या, पहिल्यांदाच विमानानं. जावई लेकीजवळ थांबणार, घ्यायला अनोळखी ड्रायव्हर येणार. उतरल्यावर त्याला फोन लागला नाही, तर त्या परक्या गर्दीत कुणाला शोधणार? म्हणून कल्पितानं तिथं चालणारं डिजिटल सिम पाठवलं होतं. त्याला कार्ड नसतं. ठिपक्यांचं एक चौकोनी चित्र येतं, त्यावर फोनचा कॅमेरा धरला की सिम फोनच्या आत उतरतं. मी ते चित्र छापून दिलं आणि निघायच्या दिवशी दोघांना बोलावलं.

माझ्या पडवीत मुलांची शिकवणी चालू होती. गोदूबाईंच्या फोनमध्ये काही केल्या सिम उतरेना. हे चित्र आधीच वापरलं आहे, असं फोन सांगत होता. मी कोंडाजींकडे पाहिलं. ते छपराकडे बघत होते.

"माझ्या फोनवर जरा बघितलं, चालतं का," ते म्हणाले. "चांगलं उगवलं की."

"एकच दाणा होता, तोच यांनी भिजवला," गोदूबाई म्हणाल्या. मुलं हसली, त्या नाही.

मी मुलांनाच विचारलं, सिम हरवलंय का? राही विचार करून म्हणाली, नाही, ते आज्याच्या फोनमध्ये बसलंय. मग तो फोनच जाऊ दे.

गोदूबाईंनी मान हलवली. स्वतःचा फोन त्या दोन महिने शिकल्या होत्या. हिरवी खूण खाली कोपऱ्यात, समोर कल्पिताचा चेहरा. "ह्यांचा फोन म्हंजे दुसरीचं सैपाकघर," त्या म्हणाल्या. "मीठ कुठं ठेवलंय, ते बी गावायचं न्हाय."

दोन्ही फोन घेऊन कोंडाजी माझ्या शेजारी बसले. आम्ही आधी दोघांच्या कार्डांची अदलाबदल केली, व्हॉट्सअॅप पुन्हा चालू केलं. मग एकेक खूण कशी हलवायची, ते त्यांनी मला विचारून घेतलं आणि पुढचं सगळं स्वतः केलं. हिरवी खूण खाली कोपऱ्यात नेली. समोर त्यांच्या बैलांचा फोटो होता, तो काढून कल्पिताचा लावला. उतरल्यावर बहारीनच्या सिमचं कोणतं बटण चालू करायचं, ते मी गोदूबाईंना दाखवलं. कोंडाजींनी ते त्यांच्याकडून इतक्यांदा करून घेतलं, की शेवटी त्या म्हणाल्या, "पुरे करा. माझ्या बोटास्नी मोड येतील."

संध्याकाळी त्या पुतण्याच्या गाडीतून मुंबईला गेल्या.

दुसऱ्या दिवशी कोंडाजी मुलांच्या रांगेत येऊन बसले. त्यांचं कार्ड घातलेला गोदूबाईंचा फोन पुढ्यात होता. मी पाढे घेत होतो, तेही तोंड हलवत होते, नजर मात्र फोनवर. तो वाजला, तेव्हा सगळी रांग गप्प झाली. पडद्यावर डोईवर पदर घेतलेल्या गोदूबाई, मागे रुंद रस्ता.

"पोचले. ड्रायव्हर गावला," त्या म्हणाल्या. "आन् तुमी माझ्या फोनातलं काय हलवू नका. माझं सैपाकघर हाय तसं ऱ्हाऊ द्या."

"व्हय," कोंडाजी म्हणाले.

बोलणं संपल्यावर त्यांनी रात्रीच समोर लावलेला बैलांचा फोटो हळूच काढला आणि कल्पिताचा परत लावला.