मुंगीची साक्ष

दवनीवाड्यात कुणाचं बाळ रडलं की लोक अजून माझ्याकडेच येतात. धनवंताबाईचा हात पोटावरून फिरला की पोर झोपलंच, असं म्हणतात. मीही ते खरं मानून बसले होते. पाच पोरं वाढवली, गावभरची चोळली, मग अक्कल मला नाही तर कुणाला?

नातू महिन्याचा झाला आणि ओकायला लागला. लहान पोर दूध गाळतं, ते वेगळं. हा पिऊन झाला की थोड्या वेळात हातभर लांब पिचकारी मारायचा आणि लगेच पुन्हा तोंड उघडून दूध शोधायचा. ओकून वर भुकेला, असं पोर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मग मी जुनी परीक्षा घेतली. सून नीतूला वाटीत दूध काढायला लावलं, त्यात काळी मुंगी सोडली आणि बोटाने ढवळलं. मुंगी मेली. म्हणजे दूध विषारी. माझ्या सासूनेही माझी अशीच परीक्षा घेतली होती. तेव्हा मुंगी वाचली, आणि त्याचा तोरा मी तीस वर्षं मिरवला.

"आई, डॉक्टरले तरी पुसू," नीतू म्हणाली.

"दूधच खराब, त डॉक्टर काय करंल?"

शेजारी शेळी होतीच, तिचं दूध सुरू केलं. नीतू दिवसातून पाच-सहा वेळा न्हाणीत जायची, आपलं दूध काढून सांडायची आणि डोळे पुसत बाहेर यायची. मला वाटायचं, बरं झालं, हिला पटलं.

शेळीचंही दूध तसंच उलटलं. लंगोट कोरडा राहू लागला, टाळू खोल गेली, पोराचा चेहरा म्हाताऱ्यासारखा झाला. चौथ्या दिवशी दुपारी थोडं दूध पाजून त्याला अंगणात तेल लावायला घेतलं, आणि हात जागीच थांबला. डाव्या बरगडीखाली कातडीच्या आतून एक उंचवटा उठला, हळूहळू उजवीकडे सरकला आणि विरला. त्याच्यामागून दुसरा उठला. वाऱ्याने बोडीच्या, आमच्या लहान तळ्याच्या पाण्यावर लाट सरकावी तसा. एवढी पोटं चोळली, पण आतलं काम असं डोळ्यांना कधी दिसलं नव्हतं. भीती वाटली, आणि खरं सांगते, नजर हटेना.

"हेमेंद्र, गाडी काढ!" मी लेकाला ओरडले. "पोराच्या पोटात काहीतरी चालून राहिलं!"

गोंदियातल्या दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टर रुचि मॅडम होत्या. मी लाटेचं सांगितलं तशी त्यांनी पेन खाली ठेवला.

"आजी, आपने खुद देखा? हे आम्हालाही दरवेळी दिसत नाही."

त्यांनी माझंच बोट धरून बाळाच्या बेंबीच्या वर, जरा उजवीकडे हळूच दाबलं. आत बोराएवढी टणक गाठ लागली.

"जठराच्या दाराचा स्नायू जाड झालाय. दूध पुढे आतड्यात उतरतच नाही. जठर जोर लावतं, ती तुमची लाट. दार उघडत नाही, म्हणून उलटी."

मग सोनोग्राफीतही तेच दिसलं.

"मॅडम, आईच्या दुधाचा काही दोष?" मी विचारलं.

"दुधाचा? अजिबात नाही. कुणाचंही दूध उलटलंच असतं."

नीतू शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन दिवस सलाइन दिलं. शरीरातलं पाणी आणि क्षार जागेवर आल्याशिवाय ऑपरेशनची भूल देता येत नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी बाळाला आत नेलं. बाहेर खिडकीच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती. काय मनात आलं कोण जाणे, मी पेल्यात पिण्याचं पाणी घेतलं, एक काळी मुंगी त्यात सोडली आणि बोटाने ढवळलं.

मुंगी मेली. साध्या पाण्यात.

मी नीतूपुढे पेला धरला. "पाह्य. माह्या सासूनं ढवळलंच नसंल, म्हणून माही वाचली," म्हणाले आणि भर दवाखान्यात रडले.

नीतूने पेला घेऊन कुंडीत ओतला.

तासाभरात सर्जन बाहेर आले. फक्त तो जाड स्नायू चिरून मोकळा केला, आतल्या अस्तराला धक्काही नाही, म्हणाले. दार मोकळं झालं. बोराएवढ्या जागेत माणसाचा हात इतका जपून चालतो, हे ऐकून मी कितीतरी वेळ माझ्याच जाड बोटांकडे पाहत राहिले.

संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "आता थोडं थोडं पाजा. पण अंगावरचं दूध टिकलंय ना?"

"टिकलंय. मी रोज काढत होती," नीतू म्हणाली. "मले मालूम होतं, हा परत पिईल." मग बाळाला जवळ घेऊन ती थांबली आणि डॉक्टरकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "आई, देऊ?"

त्या दोन शब्दांनी मी मेले.

"मले कायले पुसतेस, बाई? तुयंच दूध हाय."

तो प्यायला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडेच बघत होतो. एक ढेकर आला आणि तो झोपला. मी त्याला मांडीवर घेऊन बसले. मिनिटं गेली, तास गेला, पिचकारी आली नाही. मग माझ्या लुगड्यावर गरम ओल पसरली. पाच पोरं वाढवली, पण पोराच्या मुताला हात जोडायची माझी ती पहिलीच वेळ.