मालदीवची जागा

अशी कल्पना करा, की तुम्ही तेरा वर्षांचे आहात आणि तुमच्या गावातली शाळा सातवीलाच संपते. पुढची शाळा ताडकळसला, अकरा किलोमीटरवर. वाटेत दोन गावं लागतात, एक ओढा लागतो. घरात सायकल एकच, आणि ती वडील शेतावर नेतात. आता मला सांगा, जूनमध्ये तुम्ही आठवीच्या वर्गात कसे पोचाल?

घाई नको. सावकाश विचार करा. निकितानेही पुष्कळ केला होता.

निकिता कोल्हेवाडीची. चाळीस घरांची ही वाडी उंचावर वसलेली आहे. दोन वर्षांपूर्वी तिची मोठी बहीण राजेश्री सातवी पास झाली, तेव्हाही एसटी वाडीपर्यंत येत नव्हती. "पुढच्या साली बघू," असं घरात ठरलं. पुढच्या साली राजेश्री कापूस वेचायला जाऊ लागली आणि तिचं दप्तर खुंटीला लागलं. या मे महिन्यात निकिताने ते दप्तर खुंटीवरून काढलं, धुतलं, उन्हात वाळवलं. आई बघत होती. "पुढच्या साली बघू," असं ती पुन्हा म्हणेल, याचीच निकिताला भीती वाटली.

पण त्याआधी फेब्रुवारीत वर्गात काय झालं, ते सांगायला हवं. त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्यांच्या धम्मशीला मॅडमनी एके दिवशी बाकं भिंतीला लावली, सतरंजी अंथरली आणि फळ्यावर आपला आणि शेजारच्या देशांचा नकाशा काढला. म्हणाल्या, "हे देश १९८५ साली ढाक्याला एकत्र आले. शेती, आरोग्य, व्यापार, येणंजाणं, यात एकमेकांना मदत करायची असं त्यांनी ठरवलं. या संघटनेला सार्क म्हणतात. आधी सात देश होते, मग अफगाणिस्तान आला, आठ झाले. आज आपण सार्कची बैठक घेणार."

वर्गात मुलं नऊ. आठ जण देश झाले, नववा घड्याळ बघायला बसला. हरिओमला क्रिकेटमुळे श्रीलंका हवी होती, ती त्याने भांडून घेतली. निकिताच्या हातात मालदीवची पाटी आली.

"केवढा हाय मॅडम हा देश?" तिने विचारलं.

मॅडमनी नकाशात खाली, समुद्रात, खडूने चार ठिपके दिले. "एवढा."

"मंजी कोल्हेवाडीच की!" हरिओम ओरडला, आणि सगळा वर्ग हसला.

मॅडमनी फळ्यावर दोन नियम लिहिले. पहिला, प्रत्येक निर्णय सगळ्यांच्या संमतीनेच होईल. दुसरा, दोन देशांचं आपसातलं भांडण या बैठकीत काढायचं नाही. बैठक सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला बंद पडली. दोन मोठे देश खिडकीजवळच्या जागेवरून भांडले. एकाने आपली पाटी उचलली आणि तो व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. मॅडमनी हाताची घडी घातली. "संपली बैठक. खऱ्यातही असंच होतं. एक देश जरी आला नाही, तरी मोठी परिषद भरत नाही. २०१४ साली काठमांडूला भरली होती. त्यानंतर भरलेली नाही."

"मॅडम," निकिता म्हणाली, "मग मालदीवनं काय करायचं? त्याचं तर कुणाशीच भांडण न्हाई."

मॅडमनी तिच्या पाटीकडे बोट दाखवलं. "मालदीव तू आहेस. तूच सांग."

तेवढ्यात घंटा झाली.

आता जून महिन्यात या. शाळा उघडायला चारच दिवस राहिले होते. मुलींना शाळेत नेणारी निळी बस कोल्हेवाडीपर्यंत सोडायला एसटीचं आगार तयार झालं, पण साहेबांनी एक अट घातली. रस्ता तीन गावांच्या हद्दीतून जातो. तिन्ही गावांनी एकाच कागदावर लिहून द्यायचं, की रस्त्यावर आलेल्या बाभळी आम्ही तोडू आणि बस अडवणार नाही. खाली तिन्ही सरपंचांची सही आणि शिक्का. हा कागद शुक्रवारी पाचच्या आत आगारात पोचला तर बस मिळणार, नाही तर ती दुसऱ्या मार्गाला जाणार.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता तिन्ही सरपंच कोल्हेवाडीच्या शाळेत त्याच सतरंजीवर बसले. वाडीचे भगवानराव, निकिताचे चुलत आजोबा. मधल्या बोरगव्हाणचे परमेश्वरआप्पा. आणि ताडकळसच्या बाजूच्या पिंपळटाकळीच्या मनकर्णाबाई. वर्गात सगळ्यांत चांगलं अक्षर निकिताचं, म्हणून पत्र तिने लिहिलं होतं. तीच ते वाचून दाखवत होती.

वाचून झालं. भगवानरावांनी सही केली आणि शिक्का मारला. कागद आप्पांपुढे सरकला. आप्पांनी शिक्का रुमालात बांधून आणला होता. त्यांनी गाठ सोडली नाही.

"ह्यात एक ओळ वाढवा," ते म्हणाले. "पिंपळटाकळीवाले आमाला इचारल्याबिगर बंधाऱ्याला दारं लावनार न्हाईत."

मनकर्णाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "कोनती दारं, आप्पा? दारं हायत कुठं? ते सांगा आधी."

बंधाऱ्याची गोष्ट तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होती, तुम्हालाही सांगतो. पिंपळटाकळीच्या शिवारात ओढ्यावर बंधारा आहे. पावसाळा सरला की त्याच्या गाळ्यांत लोखंडी दारं बसवतात, म्हणजे पाणी अडतं आणि उन्हाळ्यात पिंपळटाकळीच्या विहिरी आटत नाहीत. पण पाणी तुंबलं की ते मागे, बोरगव्हाणच्या खालच्या रानात पसरतं. मागच्या साली दारं लवकर बसवली. आप्पांचं चार एकर सोयाबीन उभ्याउभ्या पाण्यात कुजलं. त्यानंतर आठ दिवसांत नऊच्या नऊ दारं नाहीशी झाली. पाणी वाहून गेलं आणि या उन्हाळ्यात पिंपळटाकळीच्या बायकांनी दीड किलोमीटरवरून पाणी आणलं. दारं आप्पांच्या गोठ्यात कडब्याखाली आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणी नव्हतं.

"आमच्या सोयाबीनचं काय?" आप्पांचा आवाज चढला. "चार एकर! काळंठिक्कर पडलं."

"आन् आमच्या पोरीबाळींच्या डोक्यावर हंडे आले, ते दिसले न्हाईत तुमाला? तुमच्याच गावावरून जायच्या की!"

"आवो, बसचं बोला," भगवानराव काकुळतीला आले. "पोरींचं बघा."

"आमच्या पोरी जीपनं जायल्यात," आप्पा म्हणाले. "बस वाडीला पायजे. आमचं काय अडलंय?"

"आमच्या तर पायी जातेत. तीन किलोमीटर," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्या ओळीखाली माझी सही व्हनार न्हाई. बस येवो न्हाईतर न येवो."

निकिताने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन. आगार मोटारसायकलवर सव्वा तासावर. साडेतीनला तरी निघायला हवं.

मुलांनो, इथे थोडं थांबा. तुम्ही निकिताच्या जागी असता, तर काय म्हणाला असता? ती तेच म्हणाली, जे फळ्यावर लिहिलं होतं.

"आप्पा, दोन गावांचं भांडन सगळ्यांच्या कागदात नसतंय. सार्कमधी तसा नियम हाय. बंधारा बाहेर ठेवा ना."

"बाहेर?" आप्पा हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. "ठेवला बाहेर. मंग मीबी जातो बाहेर."

त्यांनी रुमाल खिशात घातला, चपला पायात सरकवल्या आणि ते व्हरांड्यात गेले. नेमक्या त्याच जागी, जिथे फेब्रुवारीत वर्गातला तो मुलगा पाटी घेऊन उभा राहिला होता.

नियम तर तिने बरोबर सांगितला होता. मग चुकलं कुठे? सतरंजीवर कागद पडला होता. एक शिक्का होता, दोन जागा रिकाम्या होत्या. मनकर्णाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. भगवानराव नुसतेच कपाळ चोळत होते. बाहेर आप्पा मोटारसायकलची किल्ली शोधत होते. एकदा या खिशात, एकदा त्या खिशात.

तिच्या मनात आलं, भांडण बाहेर ठेवलं की माणूसही त्याच्यामागे बाहेर जातो. म्हणजे ते ठेवायला दुसरी जागा पाहिजे.

तिने दप्तरातून दुसरा कागद काढला. वर लिहिलं, 'बंधारा'. आणि ती कागद घेऊन दारात आली, म्हणजे आतले आणि बाहेरचे दोघेही तिला दिसतील.

"आप्पा, बसच्या कागदात बंधारा नको. पन त्याला फेकायचं बी न्हाई. त्याचा कागद येगळा. हे बघा, लिवायलेय मी." ती दाराच्या चौकटीवर कागद धरून भराभर लिहीत होती. "दारं तुमच्याकडं नकोत, आन् मनकर्णामावशींकडंबी नकोत. दारं आमच्या वाडीत ठेवा. ह्या व्हरांड्यात."

आप्पांना किल्ली सापडली होती. ती मुठीत धरून ते थांबले. "तुझ्या वाडीत? चाळीस घरं न्हाईत धड!"

"चाळीसच हायत म्हनून. आमचं खाली रान न्हाई, बंधाऱ्याचं पानी आमच्याकडं चढत न्हाई. आमाला दोन्हीकडून काहीच भेटत न्हाई." ती श्वास घ्यायला थांबली. "सार्कचं हापीसबी नेपाळात, काठमांडूला हाय, मोठ्या देशात न्हाई. आन् वाडीवरून तुमचं रान दिसतंय. तुमचं सोयाबीन निघालं, की दुसऱ्या दिवशी आमी दारं खाली पाठवू. त्याच्या आधी न्हाई. त्याच्यापरीस उशीर न्हाई."

मनकर्णाबाई उठून दाराशी आल्या. "आन् उद्या वाडीवाले आप्पांच्या बाजूला गेले तर?"

"ए पोरी!" आता भगवानरावच उसळले. "आपल्याला कशाला त्यांच्यात ओढायलीस? उद्या ह्येबी शिव्या देतील आन् त्येबी. आपन आपले बरे हाव."

निकिताने आजोबांकडे पाहिलं. "आजोबा, राजेश्रीअक्काच्या वेळेलाबी आपन बरेच होतो की."

रानातून कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता. भगवानराव खाली बघून सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "व्हरांडा रिकामाच असतोय. ठेवा. कुलूप मी देतो."

सव्वातीन.

"बरं," आप्पा म्हणाले. "आधी दोन्ही कागदांवर पिंपळटाकळीचा शिक्का लागू द्या. मंग दारं दाखवतो."

"वा! आधी दारं दाखवा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "नऊ मोजून घेईन. मंग शिक्का."

"माझ्या शब्दावर इश्वास न्हाई?"

"मागच्या साली दारांवरबी इश्वासच होता."

"मंग ऱ्हाऊ द्या!"

"ऱ्हाऊ द्या!"

आप्पा व्हरांड्याच्या पायरीवर, मनकर्णाबाई दारात. मध्ये तीन पावलांचं अंतर. दोघांचेही शिक्के आपापल्या जागी, एकाचा खिशात, एकीचा कमरेच्या पिशवीत. ती तीन पावलं आधी कुणी टाकायची, एवढंच उरलं होतं. घड्याळ पुढे जात होतं. तीन बावीस. तीन तेवीस.

निकिताने मनातल्या मनात रस्ता आठवला. वाडीवरून निघालं की आधी बोरगव्हाण. आप्पांचा गोठा रस्त्याला लागूनच. मग पिंपळटाकळी, मग ताडकळस, मग पुढे आगार. सगळं एकाच रस्त्यावर. म्हणजे आधी कोण, हे इथे उभं राहून ठरवायची गरजच नव्हती. कडबा बाजूला केला की दारं मोजता येत होती. आप्पांच्या गोठ्यासमोर, मोटारसायकलच्याच सीटवर कागद ठेवून दोन्ही शिक्के एकावेळी मारता येत होते.

तुम्हाला ते इतक्या वेळात सुचलं असेल, तर शाबास. पण सुचणं सोपं असतं. तीन पावलांचं अंतर राखून उभ्या असलेल्या दोन मोठ्या माणसांना ते कसं सांगणार? इतका वेळ सांगूनच तर हे झालं होतं.

निकिताने काहीच सांगितलं नाही.

तिने आत जाऊन दोन्ही कागद एकत्र केले, दुमडले नाहीत, वहीत सपाट ठेवले. भगवानरावांच्या पुढ्यातली शिक्क्याच्या शाईची डबी झाकण घट्ट लावून घेतली. ते सगळं राजेश्रीच्या दप्तरात घातलं आणि दप्तर पाठीला नाही, पोटाशी बांधलं. मनकर्णाबाईंच्या बाजूने ती बाहेर आली, आप्पांच्या बाजूने पायऱ्या उतरली. लिंबाच्या सावलीत आप्पांची मोटारसायकल उभी होती. तिने एक पाय पलीकडे टाकला. ती पुढे बसली नाही, मागेही बसली नाही. सीटच्या बरोब्बर मधोमध बसली, पुढे एका माणसाची जागा सोडून आणि मागे एका माणसाची जागा सोडून.

आणि मान वळवून, दोघांकडे बघत, ती वाट पाहू लागली.