तुदा गेली

"पोट हलतंय, तुदाबाई," बिही कॅमेऱ्यामागून म्हणाला. "मेलेल्या माणसाचं पोट हलत नाही."

"मग मला पोटभर जेवायला कशाला घातलंस?" चादरीखालून आवाज आला. "आधी मारायचं होतंस, मग वाढायचं."

शिडी खांद्यावर घेतलेले चौघेही हसायला लागले आणि शिडी कलली. मशिदीतला जनाजा द्यायला नमाज पढवणाऱ्या फकीहसाहेबांनी साफ नकार दिला होता. धडधाकट बाईला त्यावर झोपवायचं म्हणजे काय पोरखेळ आहे का, असं म्हणून त्यांनी दाराला कुलूपच घातलं. म्हणून मग बदाम उतरवायची शिडी आणली होती आणि तिच्यावर घोंगडी टाकून तुदाला झोपवलं होतं. शिडीचे आडवे दांडे पाठीत घुसत होते. तरी तुदाने श्वास रोखून धरला.

चौघे निघाले. बायका उंबऱ्याशीच थांबल्या, कारण आमच्याकडे जनाज्यामागे बायका जात नाहीत. शेजारची कब्बूरा मालिकेत तुदाची थोरली सून होती. तिने रडायचं होतं. ती रडली, आणि बिहीने "झालं, थांब" म्हटलं तरी रडतच राहिली. वळणापलीकडे शिडी खाली ठेवली, तेव्हाही तिचा हुंदका ऐकू येत होता. तुदा उठून बसली, डोक्याचं वस्त्र सारखं केलं आणि आपल्या पायांनी घरी परत आली.

'तुदाचं घर' ही मालिका बिही दर शुक्रवारी मोबाइलवर चालवायचा. तो मूळचा लग्नाचे व्हिडिओ काढणारा. गावातल्या एका लग्नात तो चांगला कोन शोधण्याच्या नादात, मळलेल्या पिठाची परात बुटांसकट ओलांडून गेला. तुदा तिथे भाकऱ्या करायला बसली होती. तिने त्याला जो धुतला, त्यात त्याच्या बुटांपासून त्याच्या पणजोबांपर्यंत कुणी सुटलं नाही. बिही गप्प उभा राहिला, पण कॅमेरा चालू होता. घरी जाऊन त्याने तो तुकडा मोबाइलवरून जगाला दाखवला. आठवडाभरात कासाब्लांकातल्या निम्म्या किराणा दुकानांच्या गल्ल्यावर तुदा शिव्या देत होती. तिथले निम्मे दुकानदार आमच्याच डोंगरातले. घरची शिवी ऐकून त्यांना भरून आलं म्हणे.

बिही माफी मागायला आला आणि मालिकेचं बोलून गेला. कमरेला कोठीची किल्ली लावून तीन सुनांना नाचवणारी सासू, असं काम होतं. पात्रांना नावं वेगळी ठेवून पाहिली, पण कब्बूराला "जोहरा" म्हणून हाक मारली की ती मान वर करायची नाही. शेवटी नावंही आपापलीच ठेवली. घर तुदाचं, गाढव कब्बूराचं, भांडणं सगळ्यांची.

बाकीच्यांना ती गंमत होती. तुदाची गोष्ट निराळी होती. तिने आयुष्यात काही निवडलं म्हणून नव्हतं. लग्न बापाने ठरवलं. नवरा आणि दीर मिळून कासाब्लांकात एक दुकान चालवायचे. एक भाऊ दुकानात तेव्हा दुसरा गावी, अशा त्यांच्या पाळ्या. एका पाळीला नवऱ्याऐवजी त्याची शवपेटी आली. त्यानंतर तिने अर्गानच्या झाडाच्या बिया दगडावर फोडून तेलाच्या संस्थेला दिल्या आणि मुलाला वाढवलं. ब्राहिम मोठा झाला, बापाच्या जागी गल्ल्यावर बसला. आणि मग पन्नाशी उलटल्यावर हे काम चालून आलं. कॅमेरा लागला की तिच्या अंगात काहीतरी भरायचं. सांगितलेलं बोलायची, न सांगितलेलं दुप्पट बोलायची. अगादिर शहरातल्या एका समारंभात तिला व्यासपीठावर नेऊन चांदीची सुरई दिली. परगावच्या बायका गाडी करून तिच्यासोबत फोटो काढायला यायच्या आणि "आम्हाला एकदा झापा ना" म्हणायच्या. ती झापायची. तुदाचा जीव होता त्यात.

अशात ब्राहिमचा फोन आला.

"आई, रागावू नकोस."

"अजून तू काही बोललाच नाहीस. रागावू कशावर?"

"हाजी उमरच्या मुलीचं बोलणं चाललंय ना, सफियाचं. सगळं जमलंय. फक्त हाजी म्हणतात…" तो थांबला. मागे कुणीतरी साखर मागत होतं, त्याला "थांब रे" म्हणाला. "ते म्हणतात, माझ्या मुलीची सासू बाजारातल्या हमालांच्या मोबाइलमध्ये नको."

हाजी उमर शेजारच्या खोऱ्यातला, कासाब्लांकातला मोठा घाऊक व्यापारी. ब्राहिमच्या दुकानात माल त्याचाच यायचा.

"तुला काय वाटतं?" तुदाने विचारलं.

"मी तर सगळ्यांना सांगतो की ही माझी आई आहे. पण…"

"मुलगी कशी आहे?"

"चांगली आहे गं." आवाज बदलला. "आमचं फोनवर बोलणं होतं. तुझी नक्कल करते ती. अगदी हुबेहूब."

"बापासमोर करते का?"

"बापासमोर कशी करेल?"

तुदाने फोन दुसऱ्या कानाला लावला. एकच मुलगा, आणि आजवर त्याने आईकडे काही मागितलं नव्हतं. "बरं," ती म्हणाली. "हाजीला सांग, आई ऐकते."

त्या दिवशी तिने इतक्या बिया फोडल्या की संस्थेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी बिहीला बोलावून सांगितलं. बिहीने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "मी तुला मुलाकडे शहरात गेल्याचं दाखवतो. पुढेमागे हाजी विरघळला तर परत आणता येईल."

"नको. मार तिला."

"तुदाबाई, लोक मला खातील."

"खाऊ देत. शहरात गेली म्हटलंस तर लोक रोज विचारतील, कधी येतेस. आणि मीच एक दिवस उठून येईन. माझा मला भरवसा नाही. मातीच टाक, म्हणजे विषय संपला."

तर असं ते मरण ठरलं होतं.

त्या मरणाचा भाग यायच्या आदल्या संध्याकाळी बिहीने जाहिरात म्हणून तुदाचा फोटो काळ्या चौकटीत टाकला आणि खाली लिहिलं : तुदा गेली. तिच्यासाठी दुआ करा. मालिकेचं नाव टाकायचं त्या शहाण्याला सुचलं नाही. आमच्या डोंगरात वाचणारे थोडे, ऐकणारे फार. कासाब्लांकातल्या मुलाने खोऱ्यातल्या आईला आवाजी निरोप पाठवला, तिने बहिणीला, बहिणीने विहिणीला. सकाळपर्यंत तुदा खरोखरच गेली होती.

तुदा गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. वळणावर एक टेंपो थांबला. त्यातून बायका उतरल्या आणि उतरल्या त्या रडतच. प्रत्येकीच्या हातात निळ्या कागदातली साखरेची ढेप. मयताच्या घरी आमच्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत.

"कोण गेलं गं बायांनो?" तुदाने वरून ओरडून विचारलं.

"तुदा गेली गं!"

"कोणती तुदा?"

बायकांनी वर पाहिलं. पुढची मटकन खाली बसली. मागचीने आधी अल्लाचं नाव घेतलं आणि मग तुदाच्या तोंडचीच एक शिवी हासडली.

दुपारपर्यंत अंगण भरलं. एक गाडी समजूत काढून परत पाठवावी तर दुसरी वळणावर उभी. तुदा प्रत्येकीला सांगत होती, "अगं, मी जिवंत आहे. मालिकेतली मेली. ही साखर घरी ने, मुलांना चहा कर." बायका आधी रडायच्या, मग हसायच्या, मग तिला चिमटा काढून बघायच्या. कब्बूरा चहा ओतून ओतून घामाघूम झाली होती. "मेलीस तरी काम मलाच," ती पुटपुटली. फकीहसाहेब दारावरून जाताना "मी सांगितलं होतं" एवढंच म्हणाले, आणि चहा मात्र घेऊन गेले. तुदाला मौज वाटत होती. इतकी माणसं तिच्यासाठी आली होती, तिला बरं का वाटू नये?

ऊन कलायला लागलं तेव्हा एका चांगल्या मोटारीतून एक म्हातारी उतरली. ड्रायव्हरने हात धरून आणली. ही ममास, हाजी उमरची आई. तुदाने तिला लग्नाकार्यात लांबून पाहिलेलं होतं. म्हातारीला कमी दिसायचं. ती थेट तुदाच्या पुढ्यात येऊन बसली, साखरेची ढेप बाजूला ठेवली आणि म्हणाली, "तू तिची बहीण का गं? आवाज अगदी तिचाच आहे."

"मीच तुदा, आजी. जिवंत आहे मी."

म्हातारीने हात पुढे करून तिचा चेहरा चाचपला. नाक, हनुवटी, हनुवटीवरचं गोंदण. मग तिच्या दंडावर एक चापटी मारली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या! मला दिसत नाही तेवढं, पण तू बोललीस की घरात चारचौघं असल्यासारखं वाटतं. उमर शहरात, नातवंडं शहरात. शुक्रवारी तू, आणि बाकीचे दिवस भिंती." तिने डोळे पुसले. "बरं झालं बाई. आता पुढच्या शुक्रवारी काय करणार आहेस?"

"काही नाही, आजी. संपलं. मालिकेतली तुदा मेली ना."

"मग तिला मारली कशाला? त्या पोराची अक्कल चरायला गेली होती काय?"

"त्याने नाही मारली. मीच सांगितलं."

"का?"

तुदाने चहाचा पेला तिच्या हातात दिला. खोटं बोलायचं तिच्या मनात होतं, पण म्हातारीचं तोंड बघून ते जमेना. "घरात लग्न आहे," ती म्हणाली. "मुलगी मोठ्या घरची आहे."

"कुणाची मुलगी?"

"तुमची सफिया."

ममासने पेला तोंडाला लावला नाही. अंगणातल्या बायकांचं बोलणं हळूहळू थांबलं. कब्बूरा किटली घेऊन तशीच उभी राहिली.

"मला कुणी काही सांगितलं नाही. बंद कर म्हणून उमर म्हणाला?" म्हातारीने विचारलं.

तुदाने तिच्या हातातला पेला काढून खाली ठेवला.

"मी आत्ता फोन लावते त्याला. हाजी झाला म्हणून काय, त्याचं ढुंगण मी धुतलंय. कुणाचं काय बंद करायचं ते मला विचारून…"

"राहू द्या, आजी." तुदाने तिचा हात धरला. "माती टाकून झाली. सगळ्यांना कळलं. आता ती उठून आली तर लोक हसतील, आणि ते हसणं तुमच्या नातीच्या वाट्याला येईल. पोरगी चांगली आहे. माझा मुलगा तिचं नाव घेताना हसतो."

 म्हातारीने डोक्यावरचं वस्त्र पुढे ओढलं, जसं मयताच्या घरी ओढतात. बाजूला ठेवलेली साखरेची ढेप चाचपडत उचलली आणि दोन्ही हातांनी तुदासमोर धरली.

"अल्ला तुला सबुरी देवो, लेकी," ती म्हणाली. "फार चांगली बाई होती. आमच्या घरची होती."

सकाळपासून तुदाने प्रत्येक ढेप हसून परत केली होती. आता तिला हसू आलं नाही. आपण मालिकेतल्या त्या बाईसाठी अजून एकदाही रडलो नाही, हे तिच्या लक्षात आलं.

तिने ती ढेप दोन्ही हातांनी घेतली आणि मांडीवर ठेवली.

"अल्ला तुमचं भलं करो," ज्याचं माणूस गेलं आहे त्याने म्हणायचं ते ती म्हणाली. "तुम्ही लांबून आलात."

कब्बूरा किटली खाली ठेवून तिच्या शेजारी येऊन बसली. मग एकेक करून बाकीच्या बायकाही जवळ सरकल्या.